खिशावरचा डाग

४ फेब्रुवारी

ताई,

सलाम. मायन्याची बाकीची शेपटी आज गाळतो, बोटं दुखतायत. सकाळपासून तीन घरं फिरून आलो. एका घरात आजारी म्हातारा, दुसऱ्यात भांडलेले नवरा-बायको, तिसऱ्यात नुसतीच एकटी बाई, तिला मी निघूच नये असं वाटत होतं. पाळकाचं काम म्हणजे मुख्यतः जिने चढणं, हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

कामाचं लिहितो. मार्चमध्ये आमच्या मंडळीला पंचाहत्तर वर्षं होतात, आणि नेमक्या ह्याच वर्षी चर्चमध्ये दोन तट पडलेत. निवृत्त मास्तर आणि त्यांची माणसं म्हणतात, तारण फक्त विश्वासाने मिळतं, माणसाच्या कामांचं तिथे काही चालत नाही. आजाऱ्यांना डबे पोचवणाऱ्या बायका म्हणतात, नुसत्या विश्वासाने कुणाचं पोट भरलंय? मास्तर म्हणाले, ह्यांना वाटतं पळी हातात धरली की स्वर्गाचं दार उघडतं. त्यावर एक बाई म्हणाली, मास्तरांनी आजवर कुणा आजाऱ्याला पेलाभर पाणी दिलेलं आम्ही तरी पाहिलं नाही. तेव्हापासून दोन्हीकडच्यांनी माझं डोकं खाल्लंय. मी शिकलो ते मास्तरांच्याच बाजूचं, आणि तेच खरं मानतो. पण माझं ऐकायचा सगळ्यांना कंटाळा आलाय, आणि खरं सांगू, बोलायचा मलाही.

म्हणून आईची साक्ष हवी. देवाची कृपा कमवता येत नाही, ती मिळते, हे तिला कधी आणि कसं कळलं ते तिच्या शब्दांत, दोन पानं. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केलेली बाई बोलली तर दोन्ही बाजू गप्प बसतील. फोनवर तिला ऐकू येत नाही म्हणतेस, तेव्हा तूच विचारून लिहून घे.

आणि एक. तू अजून चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीस, असं तिथल्या पाळकांकडून कळलं. दाजी गेल्याला अकरा वर्षं झाली, ताई. आईसाठी तू किती मरमर करतेस हे मला माहीत आहे. पण आपल्या कामांनी कुणी वाचत नाही. हे पाळक म्हणून नाही, भाऊ म्हणून सांगतो.

तुझा
बारक्या


१३ फेब्रुवारी

बारक्या,

पाळक म्हणून नाही म्हणालास आणि वर प्रवचन दिलंसच. असो.

आई बरी आहे. जेवते, झोपते. तुला आशीर्वाद सांगितलाय. दिवसा शेजारची शिंपीण आपलं मशीन आमच्या खोलीत आणून तिच्याजवळ बसते. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीतून चारला सुटते. दोनपैकी एक ड्रायर महिनाभर बंद आहे, त्यामुळे चादरी ओल्याच हातात येतात आणि ओली चादर किती जड असते हे तुला सांगून कळणार नाही. खांदे भरून आलेत.

साक्षीचं विचारीन. पण दोन पानं आई जन्मात बोललेली नाही. "हात धू", "ताठ बस" आणि "प्रभू बघतोय", एवढ्यात तिचं आटपायचं. तुला ज्यात कृपा दिसेल असं काही मिळालं तर पाठवते.

मी चर्चमध्ये का जात नाही हे तू विसरला असशील, तर आठवण करून द्यायची माझ्यात ताकद नाही.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

मी काहीच विसरलेलो नाही. दाजी अचानक गेले आणि तो राग तू देवावर काढतेस, हे मी समजू शकतो. मीही कधीकधी त्याच्यावर चिडतो, फक्त माझी नोकरी त्याच्याकडेच आहे म्हणून गप्प बसतो.

साक्ष अजून आली नाही. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या, त्यात "एका आईची साक्ष" असं ठळक छापलंय. आता मला तोंडघशी पाडू नकोस. दोन पानं राहू दे, एकच गोष्ट आईला विचार. आपण काहीही न करता, उलट चूक करूनही आपल्याला माफ केलं गेलं, असं तिला पहिल्यांदा कधी वाटलं?

यंदा तरी तिला भेटायला येईन म्हणत होतो. जमेलसं दिसत नाही.

बारक्या


४ मार्च

बारक्या,

घे. आईने सांगितलं तसं लिहिलंय. शुद्धलेखन माझं.

"मी इस्त्री करणारी बाई. मला बोलता येत नाही. आमच्या जुन्या पाळकांचा पांढरा झगा दर शनिवारी माझ्याकडे यायचा. एकदा दुसऱ्या दिवशी मोठी उपासना होती. दारात कुणीतरी हाक मारली, मी वळले आणि इस्त्री झग्यावर तशीच राहिली. छातीच्या डाव्या बाजूला तपकिरी डाग पडला, इस्त्रीच्या टोकासारखा स्पष्ट. मी रडत झगा घेऊन गेले, म्हटलं, रात्रीतून दुसरा शिवून आणते. त्यांनी माझ्या हातातून तो घेतला, अंगात घातला आणि म्हणाले, छान गरम आहे अजून. दुसऱ्या दिवशी तो डाग घेऊन ते सगळ्यांसमोर उभे राहिले. वरून घालायला कुणीतरी कोट देत होतं. ते म्हणाले, नको, कोट घातला तर त्या बाईंना वाटेल मी डाग झाकतोय. मी लहानपणापासून प्रार्थना म्हणत होते, पण माफी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी काही चांगलं केलं नव्हतं. मी जाळलं होतं. आणि त्यांनी ते अंगावर घेतलं."

ह्यात तुझं काम होईल असं वाटतं.

ताई


११ मार्च, रविवार दुपार

ताई,

काय सांगू! साक्ष मीच वाचली. "आणि त्यांनी ते अंगावर घेतलं" इथे मला थांबावं लागलं. मास्तर रुमालात तोंड खुपसून रडले. डबेवाल्या बायका तर आधीपासूनच रडत होत्या. नंतर मास्तरांनी माझा हात धरला, म्हणाले, बघा, त्या बाईने काहीही केलं नव्हतं, सगळं फुकट मिळालं! आणि पाच मिनिटांनी बायकांची पुढारीण येऊन म्हणाली, बघा, नुसतं माफ केलं म्हणाले नाहीत, घालून दाखवलं! म्हणजे दोन्ही बाजू खूश आणि दोन्ही बाजू होत्या तिथेच. पण मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत मी जे वाचतोय ते मला खरं वाटलं नव्हतं, आज वाटलं. आईला माझा नमस्कार सांग. तिला जवळ घे.

सोमवार, सकाळ

कालचं पत्र टाकायचं राहिलं, बरं झालं. आत्ता माझा झगा खुंटीला लावत होतो आणि हात तिथेच थांबला. आपले जुने पाळक झगा घालतच नव्हते. झगा म्हणजे देखावा, असं म्हणायचे. जन्मभर एका काळ्या कोटात राहिले, त्यांना पुरलंही त्यातच. मी त्यांच्या हाताखाली वाढलो, मला हे माहीत होतं. तरी वाचताना मला पांढरा झगा डोळ्यांसमोर दिसला. आणि झग्यावरून कोट कोण घालतं?

ताई, हे काय आहे? आईच्या आठवणीत गडबड झाली का? की तू रचलंस? मी भरल्या चर्चमध्ये खोटं वाचलं का? उलट टपाली लिही. आणि आईला तिच्या हाताने दोन ओळी लिहू दे, वेड्यावाकड्या चालतील.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

आई दोन ओळी लिहू शकत नाही. तिला आता स्वतःचं नावही लिहिता येत नाही. ऐकू मात्र छान येतं, फोनचं मी खोटं सांगितलं.

दीड वर्ष झालं. आधी ती दुकानाचा रस्ता विसरली, मग शिंपिणीचं नाव, मग माझं. मला "अहो बाई" म्हणते. "अहो बाई, माझी मुलगी कामावरून कधी येणार?" असं मलाच विचारते. गेल्या उन्हाळ्यात जेवायला बसताना मी म्हटलं, आई, प्रार्थना म्हण. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सुरुवात करून दिली, तरी तिला पुढचं येईना. भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवून ती शिंपिणीला म्हणाली, हे कपडे वाळत घालायला लावलंय का? शिंपीण हसली. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

चांगुलपणाही गेलाय. चिमटे काढते. चमचे उशीखाली लपवते आणि मी चोरले म्हणून ओरडते. परवा तिने शिंपिणीला अशी शिवी दिली, की ती आईला येत असेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नसतं. फक्त घडी घालणं तिच्या हातात उरलंय. मी रोज संध्याकाळी एक चादर उलगडते, आम्ही दोघी टोकं धरतो आणि घडी घालतो. मग मी ती पुन्हा उलगडते. दिवसभर चादरींच्या घड्या घालून मी घरी येते ती पुन्हा तेच करायला.

आता तुझं शिकलेलं सगळं काढ आणि मला सांग. आईकडे विश्वास उरला नाही आणि कामंही उरली नाहीत. मास्तरांच्या रांगेत ती बसत नाही आणि पळीवाल्या बायकांच्याही नाही. मग तिने जायचं कुठे? दीड वर्ष मी तुला हे कळवलं नाही, कारण तुझ्या उत्तराची मला भीती वाटत होती. ह्यांच्या वेळी तू दिलंस, तसलं उत्तर मला आईसाठी ऐकायचं नव्हतं.

तू विसरलास म्हणून लिहिते. लहानपणापासून मी पुष्कळ मातींना गेले आहे. शेवटी पाळक प्रत्येकासाठी म्हणतात, हा पुन्हा उठेल ह्या पक्क्या आशेने आम्ही ह्याला देवाच्या हाती सोपवतो. ह्यांच्या कबरीशी तू उभा राहिलास आणि म्हणालास, "आम्ही ह्याला देवाच्या न्यायावर सोपवतो." एवढंच. आणि पुस्तक मिटलंस. का, तर मी विश्वास ठेवतो असं हे कधी म्हणाले नाहीत. मनात नाही ते तोंडाने म्हणायचं त्यांना जमत नसे. तुमच्या चर्चची गळकी टाकी त्यांनी तीनदा दुरुस्त केली आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले. "तुझ्या देवाला माझ्या नळाचं पाणी चालतं ना? मग झालं तर," असं मला म्हणायचे. तू पक्की आशा गाळलीस ते तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा देवावर राग नाही, बारक्या. तुझ्यावर आहे.

आता साक्ष. ती मी रचली नाही. आई शुद्धीत असताना तिने मला ती दोनदा सांगितली होती, अगदी तशीच, "माफी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं" ह्या शब्दांसकट. फक्त तो झगा नव्हता. आमच्या लग्नातला ह्यांचा शर्ट होता. डाग खिशावर पडला होता. आदल्या संध्याकाळी आई तो घेऊन रडत ह्यांच्याकडे गेली, आणि हे म्हणाले, छान गरम आहे अजून. लग्नात वरून घालायला कोट देत होतं ते तू होतास, नुकता शिवलेला, तुझा पहिला कोट. आठव.

खरं लिहून पाठवलं असतं तर वाचलं असतंस? आईला कृपा शिकवली ती अशा माणसाने, ज्याच्या मातीला तू आशा म्हणायला तयार नव्हतास. म्हणून मी ह्यांच्या अंगात झगा घातला. म्हटलं, तसे तरी तुझ्या चर्चमध्ये शिरतील.

दमले. आई हाक मारतेय, चमचे शोधायचेत.

ताई


२८ एप्रिल

ताई,

पाच आठवडे कागद समोर घेऊन उठतोय.

शनिवारी येतो. दोन दिवस राहीन. प्रवचन आणणार नाही.

बारक्या


१० मे

ताई,

पोचलो. तुझ्याकडे असताना सांगायचं राहिलं, म्हणून लिहितो.

मी दारात उभा राहिलो तेव्हा आई मला म्हणाली, कपडे उद्या मिळतील, आज इस्त्री तापलेली नाही. तू हसलीस. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी "बरं, उद्या येतो" म्हटलं आणि खरंच परत जायला वळलो. तू बाही धरून आत ओढलंस.

संध्याकाळी तू चादर उलगडलीस आणि माझ्याकडे बोट केलंस. आईने दोन टोकं माझ्या हातात दिली. मला ती जुळवता येईनात. "ताठ धरा हो," असं तिने मला दटावलं. तेवढ्यात मला ती आपली आई वाटली. मग ती तिची टोकं घेऊन माझ्यापर्यंत चालत आली, माझ्या हातातली काढून घेतली, आणि नंतर माझ्या पंजावरून तिने सावकाश हात फिरवला, सुरकुती काढतात तसा. तू तेव्हा पाणी प्यायला गेली होतीस.

विश्वास म्हणजे आपण देवाला धरणं, असं मी वीस वर्षं शिकवलं. आईचा हात तर सुटलाय. तेव्हा धरणारा दुसराच कुणी असला पाहिजे, नाहीतर आपल्यापैकी कुणाचंच खरं नाही. एवढंच मला कळलं, आणि तेही पूर्ण नाही. रविवारी संध्याकाळच्या उपासनेपर्यंत इकडे परतायचं होतं, ते सोडून तुझ्याकडेच राहिलो, आणि काल बुधवारच्या प्रार्थनासभेत उभा राहून सगळं सांगितलं: तो शर्ट कुणाचा होता, कोट कोण देत होतं, आणि कबरीशी मी काय गाळलं. मग मास्तर म्हणाले, म्हणजे आता तुम्ही कोणत्या बाजूला? मी म्हटलं, मास्तर, आधी मला बसायला खुर्ची द्या. डबेवाल्यांपैकी एकीने दिली. मास्तरांनी पाणी आणलं.

अजून एक. सोमवारी तू कामावर गेल्यावर बस पकडायच्या आधी मी दाजींच्या कबरीवर गेलो. गाळलेले शब्द म्हणालो, सुरुवातीपासून, मोठ्याने. आसपास कुणी नव्हतं. तुला सांगणार नव्हतो, पण लपवून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. अकरा वर्षं उशीर झाला. मला माफ कर, असं लिहायचा धीर होत नाही, तरी लिहितो.

आईची वेळ येईल तेव्हा ते शब्द म्हणायला मला येऊ देशील का? नको म्हणालीस तर दुसऱ्या पाळकांना म्हणू दे, मी मागे उभा राहीन.

बारक्या


२६ मे

बारक्या,

कुणी नव्हतं म्हणतोस. कबरस्तानात गवत कापणारा होता, झाडामागे डबा खात. त्याच संध्याकाळी त्याने मला सांगितलं, एक जाडा माणूस तुमच्या साहेबांच्या दगडाशी मोठ्याने बोलत होता, आणि मग चुकीच्या बाजूला चालत गेला, तिकडे फाटकच नाही. मी वाट बघत होते, तू स्वतः लिहितोस का. लिहिलंस, बरं वाटलं. माफीचं एवढ्यात विचारू नकोस. अकरा वर्षं धरून ठेवलेलं एका पत्राने सुटत नाही, पण पूर्वीइतकं जड राहिलेलं नाही हे खरं.

धरणारा दुसराच कुणी असला पाहिजे, हे मी शिंपिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, दिवसा मी आणि चारनंतर तुम्ही. त्याच्यापलीकडे आणखी कुणी असेल तर मला आनंदच आहे, बारक्या. माझे खांदे खरोखर दुखतात.

आता नीट वाच. आईने चार दिवसांपासून गिळणं सोडलंय. डॉक्टर घरी येऊन गेले, दहा-बारा दिवस म्हणाले, कदाचित कमी. चिमटे काढत नाही, शिव्या देत नाही. त्या शिव्यांचीही सवय झाली होती, हे मला आता कळतंय. काल संध्याकाळी तिला उशीला टेकवून चादरीची टोकं हातात दिली. तिने धरली, पण पुढे करेना. मग मीच माझी टोकं घेऊन तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या हातातली काढून घेतली. घडी झाली.

फोनवर हे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून पत्र स्पीड पोस्टने पाठवतेय. मिळताच निघ. शब्द तूच म्हण. मी तुझ्या अगदी समोर उभी असेन आणि मला सगळे पाठ आहेत.

तुझा झगा तिकडेच राहू दे. ह्यांचा शर्ट ट्रंकेत तळाशी होता. काल धुतला, इस्त्री केली. डाग आहे तसाच आहे. तू काही आता बारक्या राहिला नाहीस, म्हणून शिंपिणीने दोन्ही बाजूच्या शिवणी उसवून सैल केल्यात, गळ्याचं बटण लागणार नाही ते उघडंच ठेव. आईच्या मातीला तो घालून उभा राहा.

आणि कोट आणू नकोस.

ताई